गाडी घ्या, पण आधी वही उघडा!

आपल्या वस्त्यांमध्ये आता चारचाकी गाड्या उभ्या राहू लागल्या आहेत. डहाणूतील बौद्धवस्ती असो, कासा-चारोटीकडची गावे असोत की तलासरीचे रस्त्याकडेचे पाडे असोत. जिल्हा परिषदेचा शिक्षक, रेल्वेतला कर्मचारी, ग्रामसेवक, परिचारिका, तारापूर किंवा वापीच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार यांच्या दारात एखादी छोटी पांढरी गाडी दिसते. ज्याच्या आजोबाने दुसऱ्याच्या वाडीत चिकू तोडले, ज्याच्या आजीने सावकाराच्या शेतावर वेठ केली, त्याचा नातू आज गाडीचा हप्ता भरतो आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. शिक्षण आणि घटनेने दिलेल्या राखीव जागा यांतून हे घडले आहे. तेव्हा "यांनाही आता गाड्या परवडतात" असे जे नाक मुरडून बोलतात, त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

परंतु आपल्याच माणसांशी थोडे बोलले पाहिजे. गाडी घ्यायची ठरली की आपला माणूस शोरूममध्ये जाऊन एकच प्रश्न विचारतो: "किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर जाते. सेल्समन हसून आकडा सांगतो, चहा येतो, चार कागदांवर सह्या होतात आणि सात वर्षांचे कर्ज डोक्यावर बसते. ती गाडी घराकडून किती घेणार, हा दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. जाहिरातबाजीचे सारे भांडवल याच विसरण्यावर उभे आहे!

आपल्यासाठी गाडी ही नुसती सोय कधीच नव्हती. हे समजून घ्यायचे असेल तर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे आत्मकथन वाचावे. १९०१ सालची गोष्ट. लहानगे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा झाला. तोही असा की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. पैसे दुप्पट आणि गाडीवान असून नसल्यासारखा!

दुसरी हकीकत १९२९ची, चाळीसगावची. त्या वेळी बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तेथील महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. टांगेवाल्याने मात्र महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी यावे हे लोकांच्या मनाला पटेना, म्हणून टांगा भाड्याने घेऊन आपल्यापैकीच एकाला हाकायला बसवले. त्याला टांगा हाकता येत नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. ही हकीकत लिहिताना बाबासाहेबांनी टांगेवाल्याचा माज तर दाखवलाच, पण आपल्या माणसांची चूकही झाकली नाही. पाहुण्याचा मान राखताना त्यांना त्याच्या सुरक्षिततेचा विसर पडला, हे त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवले आहे.

आज आपण गाडी घेतो त्यामागे मसूर आणि चाळीसगाव दोन्ही उभी आहेत. दारात स्वतःची गाडी असणे, कुणाच्या होकार-नकारावर प्रवास अवलंबून नसणे, हा मान आहे आणि तो मिळालाच पाहिजे. मात्र त्या मानापायी जीव आणि घरची शिल्लक दोन्ही मोरीवर आणून ठेवायची का, हा प्रश्न आहे. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या अनुयायांना आपल्या घरातला रुपया मोजता येऊ नये, हे बरे नाही.

म्हणून वही उघडू या. कंपनी जो मायलेजचा आकडा सांगते तो प्रयोगशाळेत निघालेला असतो. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या गतीने चालवतात, एसी बंद असतो, मागे आई-वडील बसलेले नसतात, टपावर गाठोडे नसते आणि समोर वर्सोवा पुलाची रांगही नसते. हा आकडा खोटा नाही. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो उपयोगी आहे. मात्र आपल्या खिशासाठी त्यातून पाव हिस्सा वजा करावा. चोवीस सांगितले तर अठरा धरावे. सीएनजीला एका किलोत तेहतीस सांगितले तर पंचवीस धरावे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी स्वतःचा आकडा काढावा. टाकी पूर्ण भरा, मीटर लिहून ठेवा, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहा आणि चाललेल्या किलोमीटरला लिटरने भागा. असे चारदा केले की कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा आकडा हाती येतो.

आता समजा, तलासरीत राहणारे एक शिक्षक आहेत. शाळा आतल्या पाड्यावर, येऊन-जाऊन वीस-बावीस किलोमीटर. महिन्याला ते पाचशे. एखादी मुंबईची फेरी तीनशेच्या आतबाहेर. बाजार, दवाखाना, पाहुणे धरून एकूण नऊशे किलोमीटर. पेट्रोलची गाडी अठरा देत असेल तर पन्नास लिटर लागतील. लिटरला १०४ रुपये धरले तर ५,२०० रुपये. तीच गाडी सीएनजीवर असेल तर छत्तीस किलो. किलोला ८२ रुपये धरले तर २,९५२. म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार वाचले. सीएनजी गाडीसाठी सुरुवातीला साधारण नव्वद हजार जास्त मोजावे लागतात. ते भरून निघायला चाळीस महिने, म्हणजे तीन वर्षे चार महिने. पुढे फायदाच फायदा. पण हेच शिक्षक शाळेजवळ राहत असतील आणि महिन्याला चारशेच किलोमीटर चालवत असतील, तर महिन्याची बचत हजाराच्या आसपास येते आणि नव्वद हजार भरून निघायला साडेसात वर्षे जातात. तोवर गाडी विकायला आलेली असते! भाव बदलतात, त्यामुळे आपापल्या पंपाची पावती पाहून आकडे बदलून घ्यावेत. पण कोणती गाडी स्वस्त, हे गाडीवर ठरत नाही. ते आपण किती फिरतो यावर ठरते.

आणि आता तो आकडा, ज्याकडे कोणीच पाहत नाही. सात लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ११,२६० रुपये बसतो. एकूण परतफेड ९ लाख ४६ हजार. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता १४,५३० होतो, पण एकूण परतफेड ८ लाख ७२ हजारांवर थांबते. म्हणजे "हप्ता कमी करून देतो साहेब" या गोड वाक्याची किंमत चौऱ्याहत्तर हजार रुपये! आता आपण ज्या मायलेजसाठी रात्र रात्र चर्चा करतो त्याच्याशी तुलना करा. अठराऐवजी वीस देणारी गाडी घेतली तर नऊशे किलोमीटरमागे पाच लिटर, म्हणजे ५२० रुपये वाचतात. सात वर्षांत ४३,६८० रुपये. दोन किलोमीटरसाठी दहा शोरूम पालथे घातले आणि सहीच्या टेबलावर त्याच्या पावणेदोनपट गमावले. शिवाय बँकेकडे न जाता फायनान्स कंपनीकडे गेलात आणि व्याज १४ टक्के लागले, तर सात वर्षांची परतफेड अकरा लाखांवर जाते. दीड लाखाहून अधिक रक्कम केवळ व्याजाच्या दराने नेली. बँकेचा मॅनेजर आपल्या माणसाला चार हेलपाटे घालायला लावतो, कागद अपुरे म्हणतो, आणि कंटाळून माणूस फायनान्सवाल्याकडे वळतो, हा अनुभव समाजात नवा नाही. पण या दीड लाखासाठी चारच काय, दहा हेलपाटे घालावेत. लेखी नकार मागावा. लेखी मागितले की पुष्कळ ठिकाणी कागद पुरे होतात!

हप्त्याच्या गाडीपेक्षाही मोठी चिंता रोखीच्या गाडीची आहे. डहाणू आणि तलासरी हे तालुके गेली काही वर्षे जमिनी देत आले आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जमीन, बडोदा-मुंबई द्रुतगती मार्गाला जमीन, मालगाड्यांच्या स्वतंत्र लोहमार्गाला जमीन. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. मच्छीमार आणि आदिवासींचा विरोध असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली, आणि त्या बंदराला महामार्गाशी जोडणाऱ्या रस्त्यालाही जमीनच लागते. तलासरी तालुक्यात २०११ च्या जनगणनेनुसार नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या आदिवासी आहे. डहाणूत दोन तृतीयांशाहून अधिक. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात. १९४५ साली याच भागात वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, तो जमिनीवरच्या माणसाच्या मानासाठीच. त्याच जमिनीची भरपाई खात्यात आली की गावात सर्वांत आधी कोण पोहोचतो? गाडीचा एजंट!

येथे वहीत एकच ओळ लिहावी. जमीन पाच वर्षांनी काय होईल आणि गाडी पाच वर्षांनी काय होईल. विमा कंपन्या गाडीची किंमत कशी उतरवतात त्याचे कोष्टकच ठरलेले आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस, तीन वर्षांपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्मी. दहा लाखांची जमीन देऊन दहा लाखांची गाडी आणली, तर पाच वर्षांनी हाती पाच लाखांचे लोखंड राहते, तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजलेले. चिंचणी ते बोर्डी या पट्ट्यात तर गाडीचा खालचा पत्रा लवकर गंजतो, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. भरपाईचा पैसा आधी दुसऱ्या जमिनीत, मुलांच्या शिक्षणात, पक्क्या घरात जावा. उरला आणि गरज असली तर गाडी, तीही पुन्हा वरच्या हिशेबाने. ज्याला गाडीवर पोट भरायचे आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याने इको किंवा मॅजिक घेऊन कासा-डहाणू, तलासरी-उधवा अशी प्रवासी वाहतूक परवाना काढून करावी. ती गाडी कमावते. दारात उभी राहणारी गाडी फक्त खाते.

आपला भाग सीमेवरचा, त्यामुळे हिशेबात गुजरात येणारच. महाराष्ट्रात पेट्रोलवरचा कर जड आहे. गेली काही वर्षे सीमेपलीकडच्या पंपावर पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी स्वस्त मिळत आले आहे. डिझेलमध्ये मात्र तसा मोठा फरक राहिलेला नाही. डहाणूचे काही बांधव केवळ टाकी भरायला बोर्डीमार्गे उंबरगावला जातात. येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. म्हणजे पावणेतीन लिटर जाळायचे, त्याचे दोनशे साठच्या आसपास रुपये, आणि तीस लिटरवर नऊ रुपयांप्रमाणे दोनशे सत्तर वाचवायचे. दीड तास घालवून चहाचे पैसे सुटतात! घोलवड-बोर्डीच्या किंवा अच्छाडजवळच्या माणसाला, अथवा रोज वापीला कामाला जाणाऱ्याला तो फायदा खरोखर मिळतो. इतरांनी मुद्दाम जाऊ नये.

तसेच जुन्या गाडीचे. वलसाडच्या म्हणजे जीजे-१५ नंबरच्या जुन्या गाड्या तलासरीत स्वस्त मिळतात. त्या स्वस्त का, याचे एक कारण असे की गुजरातमध्ये खासगी गाडीवर ६ टक्के वाहनकर आहे आणि आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. पण बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची तर वलसाडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून येथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार करही भरावा लागतो. ते गणित विकणारा सांगत नाही. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. आता पंपावर तेच पेट्रोल मिळते. अशा गाड्यांचे मायलेज थोडे घटते आणि रबरी नळ्या, वॉशर तपासून घ्यावे लागतात. जुनी गाडी घेऊच नये असे मुळीच नाही. चार-पाच वर्षांची एका हातची गाडी हा तर नोकरदाराला सर्वांत शहाणपणाचा सौदा असतो, कारण किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. पण कागद आधी, चावी नंतर.

नवीच घ्यायची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्के आणि वरचा उपकर यांऐवजी सरळ अठरा टक्के झाला, हे लक्षात असू द्या. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल-सीएनजीला १२०० सीसीपर्यंत, डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी यात बसते. मोठ्या गाडीला चाळीस टक्के. घरात आठ माणसे आहेत म्हणून सात आसनी गाडी घेणारे पुष्कळ. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, एखादे लग्न; एवढ्यासाठी तिसरी रांग वर्षभर ओढायची. त्या चार दिवसांसाठी इको भाड्याने करावी, दोन घरांनी मिळून करावी. कार्यक्रमाला एकत्र गेलेले बरेच.

डिझेलचे दिवस लहान गाडीपुरते सरले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, आणि तिला अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते. नुसते घर-शाळा केले तर ती चोंदते. ज्याचे महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर होतात त्यानेच डिझेलचा विचार करावा. सीएनजीसाठी महामार्गावर पंप आहेत, आतल्या बाजूला विचारून घ्यावे. टाकीमुळे सामानाची डिकी जाते, दोन छोट्या टाक्यांची नवी रचना घेतली तर ती वाचते. आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाब-चाचणी करून घ्यावी लागते. ती न करता फिरणारे अनेक आहेत, त्यांनी स्वतःच्या लेकराबाळांकडे पाहावे.

विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्केच आहे आणि घरी चार्ज केली तर किलोमीटरमागे खर्चही फार कमी. आपल्या भागात प्रश्न गाडीचा नाही, विजेचा आहे. डहाणूला १९९५ पासून ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, राख आणि धूर डहाणूला. सूर्या धरणाचे पाणीही वसई-विरारकडे गेले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी वीज खात्याचा पाया घातला. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय देश उभा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती वीज ज्याच्या अंगणातून जाते त्याच्या पाड्यावर पावसाळ्यात दिवस दिवस अंधार असतो! डहाणू शहरात, पक्क्या घरात, स्वतंत्र मीटर असलेल्याने जरूर विजेच्या गाडीचा विचार करावा. आतल्या पाड्यावरच्या माणसाने आणखी थोडे थांबावे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला नाहीतर साप चावलेल्याला घेऊन सिल्वासा किंवा वलसाड गाठायचे असते. तेव्हा बॅटरी संपलेली चालत नाही.

ही रात्रीची धाव हेच आपल्याकडे गाडीचे खरे कारण आहे. डहाणूला रेल्वे आहे. एप्रिल २०१३ पासून लोकलही येते. मुंबईला नोकरीला जाणाऱ्याने गाडी घेऊन जाणे म्हणजे पैसे उधळणे. तलासरीला मात्र रेल्वे नाही. एसटी कमी, बाकी सारा भार टमटम आणि जीपवर. म्हणून तलासरीच्या माणसाची गाडी चैनीची ठरत नाही. आणि म्हणूनच ती मजबूत असली पाहिजे.

कारण आपला महामार्ग. पूर्वीचा आठ नंबरचा, आता ४८. चारोटी, आंबोली, तलासरी, अच्छाड. दोन्ही बाजूंना पाडे, मध्ये दुभाजकाला पाडलेल्या फटी, उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, आणि रात्री दिव्याविना उभे केलेले ट्रक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. कितीही महागडी गाडी असो, पट्टा न लावणाऱ्याला ती वाचवू शकत नाही. आणि आपल्याकडे मागे कोण बसते? आई, बायको, मुले! कायद्याने मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे.

मायलेज आणि मजबुती यांचे वैर आहे, असा एक गैरसमज आपल्याकडे पसरला आहे. "हलकी गाडीच जास्त देते," असे म्हणतात. २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत वॅगनआरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच संस्थेने पाच तारे दिले. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्हींचा मायलेजचा आकडा चोवीस-पंचवीसच्या घरात. टाटाच्या पंचला तर २०२१ सालीच पाच तारे मिळालेले आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. शोरूममध्ये "किती देते" विचारण्याआधी "किती तारे" विचारा, आणि तो निकाल कोणत्या वर्षीच्या, किती एअरबॅगच्या गाडीचा आहे, हेही विचारा. दोन एअरबॅग कमी करून स्वस्त केलेले मॉडेल घेऊन वर चकचकीत चाके बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

वेगाचेही तेच. ताशी ८० वरून ११० वर गेलात की हवेचा रोध जवळपास दुप्पट होतो, आणि तो रोध कापायला पेट्रोल जळते. तलासरी ते मुंबई दीडशेच्या आतले अंतर. ८० ने गेलात तर फार तर अर्धा तास जास्त लागेल, आणि तोही वर्सोवा पुलाच्या किंवा दहिसरच्या रांगेत बरोबरीला येतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरचे आणि पाचवा हिस्सा पायी चालणारे. कालपर्यंत त्या यादीत आपणच होतो. आज काचेच्या आत बसलो म्हणून पाड्यासमोरच्या फटीतून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईवर हॉर्न वाजवत सुटणे आपल्याला शोभत नाही.

टोलचा खर्चही वहीत धरावा. चारोटी आणि खानिवडे हे दोन नाके मुंबईच्या वाटेवर लागतात. दहिसरला लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाडीसाठी वार्षिक फास्टॅग पास तीन हजार रुपयांत सुरू झाला, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या. प्रत्येक नाका म्हणजे एक फेरी. महिन्याला एकदाच मुंबई करणाऱ्याने तो घेण्यापूर्वी वर्षभराच्या टोलची बेरीज करून पाहावी. आठवड्याला जाणाऱ्याने विचारही न करता घ्यावा.

आता मुहूर्त! १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या घरातही गाडी दसऱ्यालाच हवी असते. त्या दिवशी शोरूमवाला एक रुपया सोडत नाही, कारण त्याच्या दारात रांग असते. डिसेंबरच्या शेवटी तोच माणूस फोन करकरून सवलत देतो, कारण साल बदलले की उभी गाडी कागदावर वर्षाने जुनी होते. गाडी दहा वर्षे वापरायची असेल तर डिसेंबरात घ्यावी, लवकर विकायची असेल तर जानेवारीत नव्या सालची. हा खरा मुहूर्त. आणि मग चाकाखाली लिंबू चिरडून बोनेटवर स्वस्तिक काढण्याऐवजी चाकातली हवा मोजावी. ती कमी असली की इंधन जास्त जाते आणि टायर महामार्गावर फुटतो.

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी जावे. चासी नंबर बिलाशी ताडून पाहावा, बनावटीचा महिना विचारावा. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती कोणी करू शकत नाही, बाहेर दोन ठिकाणी भाव काढावा. आणि मागच्या सीटवर बसून तिन्ही पट्टे एकेकदा लावून पाहावेत. पुष्कळदा त्यांची कुलपे सीटकव्हरखाली दडपलेली असतात. ते कव्हर शोरूमवाल्याने फुकट म्हणून घातलेले असते. सीटच्या कडेची एअरबॅगही त्याच कव्हराने अडकते. ते काढून त्याच्या हातात परत द्यावे, आणि फुकट काही द्यायचेच असेल तर अग्निशामकाची छोटी नळकांडी मागून घ्यावी.